अ‍ॅलीचे खटले, अ‍ॅलीचे प्रेम

गेल्या अंकात या सदरात न्यायालयीन मालिकांचा विषय ओझरता निघाला आणि त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे ‘अ‍ॅली मॅकबील’ या एकाच अमेरिकन मालिकेविषयी निघाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केबलवर ती पाहिलेले वाचक तिला विसरलेले नाहीत आणि आता त्यांची मुलेही ती पाहू लागली आहेत, असे दिसते. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ८ सप्टेंबर १९९७ ते २० मे २००२ या काळात फॉक्स वाहिनीवर तिचे पाच हंगाम आणि ११२ भाग झाले. बॉस्टनमधील ‘केज अँड फिश’ या काल्पनिक वकिली फर्ममध्ये अ‍ॅली रुजू होते, आणि लहानपणापासून जो तिचा जिवलग होता तो बिली थॉमस तिथेच वकील आहे व त्याचे लग्नही झालेले आहे, हे तिला तिथे पाऊल टाकल्यावर कळते. पुढे बिलीची बायको जॉर्जियाही त्याच फर्ममध्ये येते. प्रत्येक भागात एखादा विक्षिप्त खटला, त्याला लागून कोणाचे तरी प्रेमप्रकरण आणि दिवस संपल्यावर खालच्या बारमध्ये व्हॉन्डा शेपर्डचे गाणे, असा मालिकेचा साचा आहे.

“आमच्या घरातील वाटणीचा दावा दोन पिढ्या चालला. या मालिकेत मात्र पाऊण तासात दावा दाखल होतो, साक्षी होतात आणि निकालही लागतो. तिच्या प्रेमाचा निकाल तेवढा पाच वर्षांत लागत नाही. लेखकाला न्यायालयाची काहीच माहिती नव्हती काय?” — एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

माहिती होती, आणि चांगली होती. मालिकेचे कर्ते डेव्हिड ई. केली यांनी बॉस्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्याच शहरात वकिली केली होती. ती सोडून ते ‘एल. ए. लॉ’ या मालिकेच्या लेखनाकडे वळले. ‘अ‍ॅली’ चालू असतानाच ‘द प्रॅक्टिस’ ही बॉस्टनमध्येच घडणारी गंभीर न्यायालयीन मालिकाही त्यांच्याच हातून उतरत होती, आणि १९९९ च्या एमी पुरस्कारांत विनोदी मालिकेचा मान पहिलीला व नाट्यप्रधान मालिकेचा मान दुसरीला मिळाला. एकाच शहरातील कायदा एकाच लेखकाने एकीकडे घाम फुटेल असा आणि दुसरीकडे हसू फुटेल असा लिहिला, म्हणजे ‘अ‍ॅली’मध्ये जे गाळले आहे ते अज्ञानाने गाळलेले नाही.

गाळले आहे ते असे. अमेरिकेतील दिवाणी दावा प्रत्यक्षात मुख्यतः न्यायालयाबाहेरच चालतो: एकमेकांकडून कागदपत्रे मागवणे, साक्षीदारांच्या जबान्या आधीच नोंदवून घेणे, तज्ज्ञांचे अहवाल, यांतच बराच काळ जातो, आणि बहुतेक दावे ज्यूरीपुढे जाण्याआधीच तडजोडीने मिटतात. आपल्याकडचा क्रम वाचकांना ठाऊकच आहे. वादपत्र, समन्स, कैफियत, मुद्दे काढणे, सरतपासाचे शपथपत्र, उलटतपास आणि मग युक्तिवाद. मधल्या प्रत्येक पायरीवर कोणी तरी मुदतीचा अर्ज ठेवायला तयारच असतो. केली या साऱ्यातून फक्त दोनच गोष्टी उचलतात, उलटतपासातील एखादी ठिणगी आणि अखेरचा युक्तिवाद. कारण त्यांना खटला चालवायचा नसून अ‍ॅलीला बोलते करायचे आहे. ज्यूरीसमोर उभी राहून ती अशिलाची बाजू मांडू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासून तिचा सूर बदलतो. आता ती स्वतःविषयी बोलत आहे, हे समोरच्या बाकावर बसलेल्या बिलीला कळते, जॉर्जियालाही कळते. ज्यूरीला मात्र कळत नाही. माझ्या मते मालिकेतील खरा रोमान्स त्या बारमधल्या गाण्यांपेक्षा या युक्तिवादांत आहे.

हे साधते याचे कारण खटल्यांची निवड. न्यायालयापुढे जाणाऱ्याला वादपत्राच्या शेवटी आपली मागणी लिहावी लागते: ताबा द्या, पैसे द्या, मनाई करा, विवाह विसर्जित करा. जे या रकान्यात बसत नाही त्याची दाद न्यायालय देऊ शकत नाही. केलींचे पक्षकार नेमकी न बसणारी मागणी घेऊन येतात. दुसऱ्या हंगामात रक्ताचा कर्करोग झालेला एक लहान मुलगा अ‍ॅलीकडे येतो, आणि त्याला चक्क देवावर दावा लावायचा असतो. प्रतिवादीचा पत्ता काय लिहायचा आणि समन्स घेऊन बेलिफाने जायचे कुठे, ही आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनाला पडेल अशी शंका बाजूला ठेवली, तर त्या मुलाला नुकसानभरपाई नको आहे, कोणी तरी आपले म्हणणे ऐकून घ्यावे एवढेच हवे आहे, हे लगेच ध्यानात येते. अ‍ॅलीचेही बिलीविषयी तेच आहे. तिला काय हवे आहे हे तिला ठाऊक आहे, पण ते कोणत्या रकान्यात लिहावे हे तिला पाच वर्षांत सापडत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध हाच मालिकेचा गाभा आहे, असे समजायला हरकत नाही.

ज्यूरीविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण बऱ्याच पत्रांत नानावटी खटल्याचा उल्लेख आहे. पत्नीच्या प्रियकराचा गोळ्या घालून खून केल्याच्या आरोपावरून १९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर मुंबईत खटला चालला, आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही. प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तो भारतातील अखेरचा ज्यूरी खटला होता असे सर्रास लिहिले जाते, पण ते खरे नाही. ज्यूरी पुढेही काही ठिकाणी चालू राहिली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती कायमची गेली. पारशी विवाहांच्या दाव्यांत न्यायाधीशांबरोबर समाजाचे प्रतिनिधी आजही बसतात, एवढाच तिचा अवशेष उरला आहे. अ‍ॅलीचे युक्तिवाद आपल्या जिल्हा न्यायाधीशांपुढे झाले असते, तर दुसऱ्याच मिनिटाला “वकीलसाहेब, मुद्द्यावर या” असे ऐकावे लागले असते.

“ताई, मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मालिकेत फर्मचा एक मालक रिचर्ड फिश याचे ज्या महिला न्यायाधीशांशी प्रेमसंबंध आहेत त्यांच्यापुढेच ही फर्म खटले चालवते, आणि वकील एकमेकांच्या प्रेमात असूनही विरुद्ध बाजूंनी उभे राहतात. आपल्याकडे हे नियमात बसेल का?” — एक विद्यार्थिनी, विधी महाविद्यालय रस्ता

तुझा प्रश्न परीक्षेत यायला हरकत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांनुसार वकिलाचे जवळचे नातेवाईक ज्या न्यायालयात न्यायाधीश असतील तिथे त्याने वकिली करू नये, आणि ती यादी इतकी लांबलचक आहे की तीत वडील, आजोबा, काका, चुलत भाऊ, पती, पत्नी, सासू, सासरे, मेहुणा, मेहुणी, जावई, सून असे अख्खे लग्नाचे वऱ्हाड मावते. प्रियकर आणि प्रेयसी तेवढी त्यात नाहीत. अर्थात तेवढ्याने फिशची सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी, म्हणजे मालिका सुरू होण्याच्या चारच महिने आधी, न्यायाधीशांच्या वर्तनाविषयी जो ठराव केला त्यात वकीलवर्गातील व्यक्तींशी, विशेषतः त्याच न्यायालयात वकिली करणाऱ्यांशी, निकटचा घरोबा टाळावा असे स्पष्ट म्हटले आहे. तो ठराव सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठी असला, तरी तत्त्व सर्वांना सारखेच आहे. फिशच्या प्रेयसी न्यायाधीश विपर कोन यांना आपल्याकडे अशी प्रत्येक फाइल पहिल्याच तारखेला दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवावी लागली असती, आणि मालिकेतला निम्मा विनोद तिथेच संपला असता.

प्रेमात असलेले वकील विरुद्ध बाजूंनी उभे राहण्यात मात्र आपल्याकडेही मुळात वावगे काही नाही. पुण्याच्या वकीलवर्गात नवरा-बायको दोघेही वकील असलेली घरे पुष्कळ आहेत. अडचण येते ती अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जेवणाच्या टेबलावर निघण्याची. अमेरिकेत याहून काटेकोर नियम अशिलाविषयी झाला. आधीपासून संबंध नसतील तर वकिलाने अशिलाशी शरीरसंबंध ठेवू नयेत, हे कलम अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत २००२ मध्ये आले. मालिका त्याच वर्षी संपली. हा योगायोग केलींना नक्कीच आवडला असता.

फिशचा उल्लेख केलास म्हणून आणखी थोडे. आपण वकिली केवळ पैशासाठी करतो हे तो उघड सांगतो. दाव्यात मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेऊन वकिली करणे हा अमेरिकेत, विशेषतः अपघाताच्या आणि इजेच्या दाव्यांत, नेहमीचा व्यवहार आहे. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे आचारनियमांना मान्य नाही, आणि जाहिरातही करता येत नाही. फिशसारखा माणूस पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात दुसऱ्या महिन्यातच शिस्तभंगाच्या कारवाईला तोंड देत बसला असता.

“न्यायाधीशांच्या मेजावर हातोडा खरेच असतो का?” — इयत्ता आठवीतील वाचक, सहकारनगर

अमेरिकेत असतो. आपल्या न्यायालयांत नसतो. तो फक्त चित्रपटांत आणि मालिकांत दिसतो. इथे गडबड झाली तर न्यायाधीश नुसते वर पाहतात, आणि तेवढे पुरते.

“माझी मुलगी सध्या ही मालिका पाहत आहे. हार्वर्डमध्ये शिकलेली वकील बाई सतत पुरुषाच्या विचारात बुडालेली दाखवणे मला खटकते. तुम्हाला हे पटते का?” — एक शिक्षिका, सदाशिव पेठ

हा वाद मालिकेइतकाच जुना आहे. जून १९९८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर सुझन अँथनी, बेटी फ्रीडन, ग्लोरिया स्टायनम या स्त्री चळवळीतील तिघींच्या शेजारी अ‍ॅलीच्या वेशातील कॅलिस्टा फ्लॉकहार्ट यांचे छायाचित्र छापून, स्त्रीवाद मेला काय, असा प्रश्न टाकला होता. तीन खऱ्या स्त्रियांच्या रांगेत चौथी काल्पनिक व्यक्ती बसवून चळवळीचा पंचनामा करणे मला तरी बरोबर वाटत नाही. काल्पनिक वकिलाकडून चळवळीचा हिशेब मागण्यात अर्थ नसतो.

तरीही तुमची तक्रार अगदीच निराधार नाही. मूल होण्याचे वय निघून चालल्याची तिची धास्ती नाचणाऱ्या बाळाच्या रूपाने दाखवण्याची कल्पना पहिल्या वेळी गंमत वाटते, पुढे ती कल्पना लेखकाच्या अंगवळणी पडलेली दिसते. कचेरीतील स्त्रिया एकमेकींना पाण्यात पाहतात तेव्हा तर लेखक सरळ आळस करतो. पण पहिला भाग पुन्हा पाहावा, असे मी सुचवेन. अ‍ॅली आधीची नोकरी सोडते ती तिथला एक वरिष्ठ सहकारी तिच्या अंगचटीला येत असतो म्हणून, आणि तक्रार झाल्यावर तो आपल्याला मनोविकार आहे असे सांगून अपंगत्वविषयक कायद्याच्या आड लपतो. हसता हसता घशात अडकावे असे हे प्रकरण आहे. त्याआधी महिनाही उलटला नव्हता, तेव्हा १३ ऑगस्ट १९९७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. कायदा व्हायला २०१३ उजाडले. त्या काळात पुण्यात नोकरी करणाऱ्या कोणत्या स्त्रीला तो पहिला भाग परका वाटला असेल?

दुसरे उदाहरण दुसऱ्या हंगामातील आहे. अ‍ॅलीचा स्कर्ट फार तोकडा आहे म्हणून एक न्यायाधीश तिला समज देतात, ती ऐकत नाही, आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला कोठडीत जावे लागते. आपल्याकडे पांढरा बँड आणि काळा कोट यांमुळे हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे (गाऊन फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातच सक्तीचा आहे, हे पुष्कळ नवोदित वकिलांनाही ठाऊक नसते), पण बाईने काय नेसावे यावर बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे समजणारे लोक कोटामुळे कमी झाले असे म्हणवत नाही. तो भाग मुलीबरोबर बसून पाहा. ती तुमच्याशी वाद घालील, आणि तो वाद मालिकेपेक्षा चांगला होईल.

“लग्न ठरून मोडले तर बॉस्टनमध्ये दावा लावता येतो का? आणि साखरपुड्याची अंगठी कोणाची?” — एक तरुण, वारजे

मॅसॅच्युसेट्स राज्याने लग्नाचे वचन मोडल्याबद्दलचा दावा १९३८ मध्येच कायद्याने बंद केला. अंगठीचा प्रश्न मात्र त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिला, कारण लग्न कोणाच्या चुकीने मोडले हे पाहून ती कोणाला मिळावी ते ठरत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ७०,००० डॉलरच्या एका अंगठीच्या वादात तो जुना नियम टाकून दिला: लग्न झाले नाही तर चूक कोणाचीही असो, अंगठी देणाऱ्याला परत मिळते. लग्न मोडायला जबाबदार कोण हे न्यायालयाने शोधत बसू नये, असाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे वचनभंगाबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा कराराच्या कायद्याखाली आजही लावता येतो, पण तसे कोणी फारसे करत नाही. पोलिसांकडे जाणारेच जास्त. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळण्याचा हेतूच नसताना लग्नाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. इथे फरक नीट लक्षात ठेवावा. सुरुवातीपासूनच खोटे असलेले वचन ही एक गोष्ट, आणि खरेपणाने दिलेले पण पुढे पाळता न आलेले वचन ही दुसरी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आधीच्या कायद्याखालच्या एका प्रकरणात स्पष्ट केले होते. तुमच्या पत्रातील उरलेल्या मजकुराचे उत्तर या सदरातून देणे योग्य नाही. त्यासाठी वकिलाला समक्ष भेटावे.

“प्रेम, विनोद आणि न्यायालय यांची अशी सांगड मराठीत का जमली नाही?” — एक नाट्यरसिक, नारायण पेठ

नारायण पेठेत राहून हे विचारता? १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेले आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक दुसरे काय आहे? एकामागून एक स्त्रियांना लग्नाच्या जाळ्यात ओढणारा भामटा पिंजऱ्यात उभा आहे, साक्षीदार येत आहेत, आणि प्रत्येक साक्षीबरोबर फिरत्या रंगमंचावर त्याचे एकेक जुने सोंग उभे राहते. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे पाहताना प्रेक्षक हसायचे आणि हसताना अस्वस्थही व्हायचे. तिथे प्रेम म्हणजे फसवणुकीचे साधन आहे, अ‍ॅलीकडे ते न मिटणारे दुखणे आहे, हा फरक खरा. पण खटल्याच्या सांगाड्यावर विनोद उभा करण्याची रीत आपल्याला बॉस्टनहून शिकायची नव्हती.

त्याही मागे गेलो तर रखमाबाईंचा खटला आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी जायला नकार दिला, तेव्हा नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नांदायला येण्यासाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात प्रकरण परत आले आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. तुरुंग पत्करीन, असे रखमाबाईंचे उत्तर होते. इकडे पुण्यात टिळकांची लेखणी त्यांच्या विरोधात चालली होती. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. प्रेम नाही म्हणून नांदणार नाही, एवढी साधी गोष्ट सांगायला न्यायालयाच्या कामकाजात जागाच नव्हती. नांदायला येण्याचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली आजही करता येतो; आता तुरुंग नाही, पण हुकूम होऊन वर्षभर तो पाळला गेला नाही तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. म्हणजे संसार मोडायला निघालेले लोक आधी संसार जोडण्याचा अर्ज करतात. केलींना हे कोणी सांगितले असते तर त्यांनी त्यावर तीन भाग लिहिले असते.

तुम्हाला मालिका हवी आहे, नाटक नव्हे, असे गृहीत धरले तर अडचण वेगळी आहे. आपल्या मराठी मालिकांत न्यायालय येते ते खलनायिकेला शिक्षा करण्यापुरते. खटला म्हणजे तिथे आरडाओरडा आणि ऐन वेळी दारातून धावत येणारा साक्षीदार. प्रत्यक्षातला आपला विवाहविषयक खटला आवाज न करता चालतो. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा आहे, आणि त्यानुसार पक्षकाराला वकील देण्याचा हक्कच नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ती मिळते, ही गोष्ट निराळी. दोघांपैकी एकानेही मागणी केली तर कामकाज बंद दाराआड चालवावे लागते. म्हणजे ज्यूरी नाही, प्रेक्षक नाही, आणि बहुतेक वेळा युक्तिवादही नाही.

पण जे आहे ते एखाद्या चांगल्या लेखकाने नुसते बसून पाहावे. पुकारा होईपर्यंत एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलेले नवरा-बायको, मध्ये दोघांच्या आयांच्या पिशव्या. विवाह समुपदेशकाच्या खोलीतून बाहेर येताना जिना उतरेपर्यंत सवयीने एकमेकांसाठी थांबणारे आणि खाली आल्यावर दोन दिशांना जाणारे. परस्परसंमतीच्या अर्जात तडजोडीच्या अटी टाइप होत असतात. पोटगी, मुलाला भेटण्याचे शनिवार, फ्लॅटचे कर्ज हे सारे बिनबोभाट ठरते, आणि मग स्त्रीधनाच्या यादीत मंगळसूत्र आणि पैठणीच्या खाली मिक्सर लिहायचा की नाही यावर गाडी अडते. मिक्सर बिघडलेला असतो. दोघांनाही ते ठाऊक असते. तरी वकिलांना तो लिहावाच लागतो, कारण त्या कागदावर ज्याविषयी भांडता येईल अशी तेवढी एकच वस्तू उरलेली असते. असा अर्ज दाखल झाल्यावर कायदा सहा महिने थांबायला सांगतो, आणि समेटाची शक्यताच उरलेली नसेल तर ती मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. त्या सहा महिन्यांत काय घडते, यावर एक संपूर्ण हंगाम उभा राहील. लिहिणारे कोणी पुढे आले पाहिजे.

“अ‍ॅलीचे बिलीशी नाही, लॅरीशीही नाही, मग लेखकाने शेवटी काय साधले? आणि त्याच लेखकाच्या ‘बॉस्टन लीगल’मध्ये दोन मित्रांचे लग्न लावले ती थट्टाच नव्हे काय?” — एक वाचक, औंध

बिलीचा शेवट लेखकाने आपणहून केला. तिसऱ्या हंगामात मेंदूतील गाठीने आजारी असलेला बिली न्यायालयात युक्तिवाद करता करताच कोसळतो. लॅरी पॉलचा शेवट लेखकाच्या हातात राहिला नाही. अ‍ॅली ज्याला समुपदेशक समजून आपले सारे मन सांगून बसते तो प्रत्यक्षात वकील निघतो, अशी त्याची सुरुवात मोठी झकास होती, आणि या भूमिकेसाठी रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांना गोल्डन ग्लोब मिळाले; पण एप्रिल २००१ मध्ये त्यांना अटक झाल्यावर त्यांना मालिकेतून काढण्यात आले आणि कथानक घाईने वळवावे लागले. पाचवा हंगाम त्या धक्क्यातून सावरला नाही, असे माझे मत आहे. अखेरीस अ‍ॅली बॉस्टन सोडून न्यूयॉर्कला जाते ती कोणा पुरुषासाठी नव्हे, तर मॅडी या आपल्या मुलीसाठी. मला तो शेवट लग्नापेक्षा बरा वाटला.

‘बॉस्टन लीगल’ ही मालिका २००४ ते २००८ या काळात एबीसी वाहिनीवर झाली. तिच्यातले लग्न थट्टेने सुरू होते हे खरे आहे. पण डेनी क्रेनला अल्झायमरने ग्रासले आहे, आपली विस्मृती वाढत जाणार हे त्याला कळते, आणि आपल्या उपचारांचे निर्णय ॲलन शोरने घ्यावेत, आपली मालमत्ता त्याच्याकडे जावी, असे त्याला वाटते. दोघेही पुरुषांवर भाळणारे नव्हेत. डेनीने मांडलेला विचार अस्सल वकिली आहे: जे हक्क कायदा जोडीदाराला देतो ते मित्राला देत नाही, तर मित्रालाच जोडीदार करावे. हे त्याला सुचू शकले, कारण मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी विवाह १७ मे २००४ पासून कायदेशीर झाले होते, आणि अमेरिकेत हे करणारे ते पहिले राज्य होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात असा हक्क घोषित करण्यास नकार दिला आणि विषय संसदेवर सोपवला.

तुम्ही फक्त तो शेवटचा भाग पाहिला असावा, असे पत्रावरून वाटते. तसा तो थट्टाच वाटणार. प्रत्येक भागाच्या अखेरीस हे दोघे कचेरीच्या सज्जात मद्याचे पेले आणि सिगार घेऊन बसतात, दिवसभराचा खटला उकरून काढतात आणि एकमेकांना फाडून खातात. निदान पहिल्या हंगामातील सज्जाचे प्रसंग पाहून मग अखेरच्या भागाकडे वळावे, आणि त्यानंतरही तुमचे मत तेच राहिले तर जरूर कळवावे. पुढील अंकासाठी पत्रे महिनाअखेरपर्यंत स्वीकारली जातील.